ऑर्विल टेस्डालची मेणबंद डबी

मॅग्नेशियमचा भुगा पुन्हा एकदा उडाला तेव्हा मार्लिस गोधड्यांच्या ढिगातून म्हणाली, “या वेळी मी खोकले नाही हं. तूच श्वास सोडलास.”

तिचा नवरा ऑर्विल टेस्डाल पुन्हा भुगा गोळा करायला लागला. लाकडं जाळायच्या लोखंडी शेगडीपुढे तो गुडघे टेकून बसला होता, आणि त्याच्या वयाचा माणूस एकदा गुडघ्यांवर गेला की पुन्हा उठायचं कसं याच विवंचनेत असतो. एका हातात खिशातला चाकू, दुसऱ्या हातात मॅग्नेशियमची वडी. चाकूने वडी खरवडायची, भुगा साठवायचा, मग कडेच्या पट्टीवर पातं ओढून ठिणगी पाडायची. ठिणग्या पडत होत्या. फक्त भुगा असेल तिथे पडत नव्हत्या.

आदल्या संध्याकाळपासून पाऊस पडता पडता गोठत होता. विजेच्या तारा तुटल्या, टेलिफोन मुका झाला, आणि घर तापवणारी तळघरातली भट्टी वीज नाही म्हणून गप्प बसली. सकाळपर्यंत दिवाणखान्यातसुद्धा तोंडातून वाफ निघायला लागली. मार्लिसचा न्यूमोनिया नुकताच उतरला होता. हिला गारठा लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, आणि दुसऱ्यांदा बजावताना ते तिच्याकडे नाही, ऑर्विलकडे बघत होते.

आता गंमत अशी की आग पेटवायची एवढी साधनं अख्ख्या नॉर्थ डकोटात कुणाकडे नव्हती. ऑर्विलने हयात काढली शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात, पण त्याचा जीव होता तळघरात. विमान पडलं, जहाज बुडालं, रानात वाट चुकली, तर जगता यावं म्हणून सैनिकांना ज्या पेट्या देतात, त्यांतली आग पेटवायची सामग्री तो तिथे जमवत असे. पितळी चाकाचे लायटर, वर्खात गुंडाळलेल्या कापसाच्या गोळ्या, झाकणात होकायंत्र बसवलेल्या काड्यांच्या नळ्या. सगळं अंड्यांच्या पुठ्ठ्यांत हारीने मांडलेलं. ते तळघर पेटलं तर जिल्ह्याचं बर्फ एका दुपारीत वितळेल आणि नदी उलटी वाहील, असं टोरगेन गावात म्हणत. हा हिशेब कुणी केला ते मला माहीत नाही, पण गावात त्याबद्दल दुमत नव्हतं.

एवढा दारूगोळा पायाखाली असल्यामुळे ऑर्विलने घरात ज्योत पेटवायलाच बंदी घातली होती. काडेपेटी नाही, मेणबत्ती नाही. मार्लिसचा लायटर तिच्या सिगारेटींबरोबरच घराबाहेर गेला. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या न पेटवताच खोचत, आणि पाहुणे सभ्यपणे फुंकर मारत. स्वयंपाकाची शेगडी विजेची. पिकअप गाडीतलं सिगारेट पेटवायचं बटणसुद्धा त्याने स्वतः उपटून तिथे बूच ठोकलं होतं. लाकडाच्या शेगडीवर लेसचा रुमाल आणि नेच्याची कुंडी असे. कुंडी आज खाली उतरली होती. पण शेगडी पेटवणार कशाने?

तळघरातले लायटर तेलाविना कोरडे, नळ्यांतल्या काड्या सादळलेल्या; हाताशी उरली होती ती ही वडी. आणि साहेबांनी आयुष्यात एकही वडी कधी खरवडून पाहिली नव्हती.

“ती डबी आण वर,” मार्लिस म्हणाली.

कुठली, हे त्याने विचारलं नाही. शेवाळी रंगाची, तळहातात मावणारी पत्र्याची डबी. कोरियाच्या लढाईच्या वेळची, वैमानिकांच्या पेटीतली. आत वाऱ्यावादळात पेटणाऱ्या काड्या, आणि झाकणाभोवती मेण, जसं कारखान्यात ओतलं तसं. संग्राहकांत एक रीत असते. जे बंद आलं ते बंदच राहतं. उघडलं की ती नुसती एक डबी. शेजारच्या राज्यांतून लोक ती बघायला येत, टोप्या काढून उभे राहत. ऑर्विल हातात घेऊ देई, हलवू देत नसे.

“तिला मेण आहे,” तो म्हणाला.

“आणखी थोड्या वेळाने मलाही लाव. आणि ठेव अंड्यांच्या पुठ्ठ्यात.”

तो उठला. उठायला शेगडीचा आधार घ्यावा लागला, आणि शेगडी बर्फासारखी लागली. मार्लिस मग खोकली. बराच वेळ खोकली. ऑर्विलने खोकला संपायची वाट पाहिली, आणि मग डेलमारकडून काडेपेटी आणतो, असं म्हणाला.

तिने हसायला हवं होतं. डेलमार क्वाम म्हणजे शेतापलीकडचा शेजारी आणि गावातला दुसरा संग्राहक. माजी सैनिकांच्या सभागृहात गेल्या शरद ऋतूत प्रदर्शन भरलं, तेव्हा त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं की ऑर्विलच्या डबीत आता नुसती लाकडं आहेत, मेण कधीच सुकलं, ओल शिरली, खोटं वाटत असेल तर फोडून बघा. तेव्हापासून दोघे चर्चमध्येसुद्धा वेगवेगळ्या बाजूला बसत. त्या डेलमारच्या दारात ऑर्विल काडी मागायला जाणार, आणि मार्लिस हसली नाही. तिने फक्त त्याला बुटांवरून लोकरी मोजे चढवायला सांगितलं, म्हणजे पाय घसरणार नाहीत. तिचं न हसणं त्याला गारठ्यापेक्षा झोंबलं.

बाहेर गवताची प्रत्येक काडी काचेच्या नळीत घालून ठेवल्यासारखी. पावलापावलाला खळ्ळ आवाज. ऑर्विल जेवढा पुढे जाई तेवढाच मागे घसरे. डेलमारच्या घराकडे पाठ करून निघाला असता तर लवकर पोचला असता. कुंपणाच्या तारेला धरून, एकदा बसून, एकदा चक्क लोळून तो पलीकडे लागला.

डेलमार लोकरी आतल्या कपड्यांत गॅसवर अंडी तळत होता. दार उघडून त्याने आधी बुटांवरचे मोजे पाहिले, मग ऑर्विलचं तोंड.

“काडेपेटी हवी आहे,” ऑर्विल म्हणाला.

डेलमारचा जबडा उघडला. अख्ख्या हिवाळ्याला पुरेल एवढी थट्टा त्याच्या जिभेवर आली होती. मग ऑर्विलने मार्लिसचं सांगितलं, आणि त्याने ती सगळी गिळली. गॅस बंद केला, अंडी तशीच टाकली, आतल्या कपड्यांवरच जाड कोट चढवला आणि लायटर घेऊन पुढे झाला. काठीही घेतली, ती ऑर्विलला दिली.

अर्ध्या शेतात तो म्हणाला, “अरे, पण ती डबी का नाही फोडलीस? मी काय, तोंडाला येईल ते बोलतो. पेटली असती ती.”

ऑर्विल थांबला. त्याचा थोरला भाऊ लाइल कोरियात विमानावर तोफची होता, आणि विमान डोंगरात पडलं, एवढं गावाला माहीत होतं. बाकीचं सांगायला त्याचा एक सोबती घरी आला होता, तेव्हा ऑर्विल चौथीत होता आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसला होता. बर्फ वितळल्यावर लाइल सापडला. दगडाला पाठ लावून बसलेला, मांडीवर तसलीच डबी उघडी, भोवती काड्या विखुरलेल्या, त्यांच्या टोकांचा गूल झिजलेला, आणि विस्तवाचा मागमूस नाही. सोबती हे सांगत होता आणि साखर न घातलेली कॉफी ढवळत होता. मार्लिसशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं; ऑर्विलने ते आता डेलमारला सांगितलं.

“नाही पेटली, तर लष्कराने त्याला निकामी माल दिला होता,” ऑर्विल म्हणाला. “पेटली, तर त्यालाच ती पेटवता आली नाही. मला दोन्ही नको होतं, डेलमार. बंद होती तोवर दोन्ही नव्हतं.”

डेलमारने नाक पुसलं.  त्याने पुढे पाहिलं आणि पाहतच राहिला.

“ऑर्विल,” तो हळूच म्हणाला, “तुझ्या धुराड्यातून धूर येतोय.”

उरलेलं शेत ऑर्विलने कसं ओलांडलं ते डेलमार आजही नीट सांगू शकत नाही. कधी म्हणतो धावला, कधी म्हणतो उडाला.

मार्लिस शेगडीपुढे खुर्ची ओढून बसली होती, अंगाभोवती गोधडी, गालांवर लाली. शेगडीत रविवारचं वर्तमानपत्र संपून बर्चची लाकडं पेट धरायला लागली होती. टेबलावर डबी उघडी पडली होती. मेणाच्या सालपटांची तिने बशीत नीट रास केली होती, सफरचंद सोलल्यासारखी. डेलमारने टोपी काढली आणि हातातला लायटर गुपचूप खिशात सारला.

ऑर्विल दारातच उभा राहिला. विचारायचं ते त्याला विचारवत नव्हतं.

“लगेच नाही पेटली,” त्याच्याकडे न बघता मार्लिस म्हणाली. “बऱ्याच काड्या वाया गेल्या. काड्या चांगल्या आहेत, ऑर्विल. अगदी चांगल्या. आणि मीही वेंधळी नाही, तुला ठाऊक आहे. पण गारठलं की बोटं आपली राहत नाहीत. काडी धरलीये की सुटलीये, कळतच नाही. मी निदान चार भिंतींत होते. शेवटी डबी गुडघ्यांत दाबली आणि दोन्ही हातांनी काडी धरली, तेव्हा कुठे.” ती थांबली. “कुणाचीही बोटं अशीच झाली असती.”

ऑर्विलने बुटांवरचे ओले मोजे काढले. ते काढायला त्याला फार वेळ लागला. डेलमार तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मग मार्लिसने शेगडीवर कॉफी ठेवायला सांगितली, आणि डेलमारला आपल्या अंड्यांची आठवण झाली, पण तो बसला.

दुपारी वीज आली. दिवे लागले, तळघरातली भट्टी गुरगुरली, जाळीतून गरम हवा यायला लागली. डेलमार घरी गेला. मार्लिस खुर्चीतच झोपली. आता राहू दे, विझू दे ती, असं झोपण्याआधी तिने सांगितलं होतं.

ऑर्विलने बैठं स्टूल ओढलं, शेगडीचं दार किलकिलं केलं आणि आणखी एक लाकूड आत सरकवलं.