चुन्यासारखी गोळी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेणार. लटारू. हा माणूस प्रेमानं वागायला लागला की मला धडकी भरते.

मला छातीचा कॅन्सर झाला होता. नागपुरात ऑपरेशन झालं, औषधांनी पाळी कायमची गेली. कॅन्सर परतू नये म्हणून अजून काही वर्षं रोज एक गोळी आहे. पण त्या गोळीनं अंगाची नुसती भट्टी होते. जीव घुसमटला की मी अंधारातच दार उघडून अंगणात बसायची. आमच्या चिमूरकडच्या गावात असं कुणी बसत नाही. दिवाळीच्या तोंडावर वाघानं शेजारच्या मुखरूची गाय गोठ्यातून नेली.

मग लटारूला माया फुटली. माझे हात पिठात असले की तोच गोळी थेट माझ्या तोंडात घालायचा, वर पाणी पाजायचा. हळूहळू भट्टीही विझली. "नशीब काढलं वो बाई," जाऊ म्हणाली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. स्वतःचं ताट न उचलणारा माणूस मला पाणी पाजतो?

परवा गोळी जिभेला चिकटली. माझी गोळी आधी कडू लागायची, ही चुन्यासारखी. दुसरी बाई आली की काय, मला मारायला निघाला की काय, नाही नाही ते मनात आलं. तो मोहफुलं वेचायला गेल्यावर मी घर पालथं घातलं. तंबाखूच्या वासामुळे त्याच्या खर्र्याच्या डब्याला मी कधी हात लावत नाही. माझ्या गोळ्या त्यातच होत्या, न फोडलेल्या.

तो येताच डबा समोर आपटला. "अवो, हे काय होय?"

तो डब्याकडे पाहत म्हणाला, "तू आंगणात जात होती. वाघानं नेलं असतं त? म्हणून कॅल्शियमची अर्धी देत होतो."

मला संताप आला आणि रडूही. "वाघ आला त कुत्रे भुकते. हा कॅन्सर परतला त कोनाले समजन? गर्मीसाठी येगळं औषध भेटते, नर्सबाईनं सांगतलं होतं. इचारलं काऊन नाई?"

"बाईमानसाच्या गोष्टी कशा इचारू?"

मीच नागपूरच्या दवाखान्यात फोन लावला. उद्याच या, तपासावं लागेल, नर्सबाई म्हणाल्या. गोळी कधीपासून बंद आहे? मी फोन लटारूच्या कानाला लावला.

"मुखरूची गाय गेली तवापासून," तो म्हणाला.

नर्सबाईंना मुखरूची गाय काय ठाऊक? मला ठाऊक होती. गाय गेली दिवाळीत, आणि आता अंगणात चैत्राची मोहफुलं वाळत पडली होती.