खंडेनवमीचा सर्व्हर

२००२ सालच्या खंडेनवमीला रुद्रप्पा आण्णा आरतीचं ताट घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले आणि कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारी शिवानी खुर्चीतून उठली.

आण्णा साखर कारखान्याचे चेअरमन, तिच्या वडिलांचे दिंद्रुड गावातले दोस्त. 'जावा' ह्या कॉम्प्युटरच्या भाषेवर चालणारा नवा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर घ्यावा का, त्याचं बरंवाईट काय, हे त्यांनी तिलाच विचारलं होतं. बरं तिनं घसा ताणून सांगितलं: दोन मशीन एकमेकांची आठवण सांभाळतात, एक पडलं तरी दुसरं काम ओढतं. वाईट मात्र नुसतं पुटपुटली. उठायला वेळ लावतो, मेमरी खातो. आणि दोन्ही मशीन एकदम बंद झाली तर सगळी आठवण पुसली जाते, हे तर गिळूनच टाकलं. दोन्ही एकदम कोण कशाला बंद करेल?

आता आण्णाच करणार होते; खंडेनवमीला पूजेसाठी हत्यारं-यंत्रं बंद ठेवायची रीत होती. ऊसतोडीच्या पाळीसाठी शेतकरी उन्हात रांग लावून नावं देऊन गेले होते. ती नावं अजून दोन्ही मशीनच्या चालू मेमरीतच होती. डिस्कवर उतरवायचं काम पुण्याच्या कंपनीनं अर्धवट सोडलेलं.

"दोनी बंद कर," आण्णा म्हणाले. "आज हत्याराला इसावा."

"आण्णा, एक चालू राहू द्या. न्हाईतर पाळीची समदी नावं जातील."

"अन् हे आता सांगायलीस?" आण्णांचा आवाज चढला. "मागं खंडेनवमीला ऊस आत वढणाऱ्या गव्हाणीची मोटार चालूच ठिवा, असं मीच म्हणलतो. त्याच हंगामात बिभीषणाचा हात गेला."

गव्हाणीवरचा जुना कामगार बिभीषण दारातच उभा होता, रिकामी बाही खिशात खोचून. शिवानीलाही तीच भीती शिवली. शिकलेली असली म्हणून काय झालं? भीती काही पदवी बघून येत नाही.

"पाळीपाळीनं इसावा देऊ," ती कशीबशी म्हणाली. "आधी ह्याला. हे उठलं की त्याला."

पहिलं मशीन बंद झालं. हळदकुंकू वाहून झालं. तिनं पुन्हा बटण दाबलं, पण सर्व्हर काही लवकर उठेना.

"मुहूर्त टळायलाय," म्हणत आण्णांनी दुसऱ्या मशीनकडं हात नेला.

शिवानीनं त्यांचं मनगट धरलं. असली छाती सबंध कारखान्यात कुणाची झाली नव्हती. आण्णांनीही ते सोडवून घेतलं नाही.

शेवटी पहिल्या मशीनच्या पडद्यावर नावं उमटली. सगळी होती. तरी तिची पकड सुटेना.

"सोड आता, पोरी," आण्णा हळू म्हणाले. "त्याला इसावा दे अन् बस इथं. ह्या सर्व्हरचं अजून काय काय वाईट हाय, समदं सांग. एक बी ठिवू नको."

शिवानी बसली आणि भीत भीत सांगू लागली.