थोरल्याचा उजवा खांदा

थोरल्याच्या उजव्या खांद्याला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. पन्नाशी उलटली, पोट सुटलं, चष्मा लागला, जिना चढताना धाप लागायला लागली. पण खांदा म्हणजे खांदा. त्या खांद्याच्या जिवावर त्याने सव्वीस वर्षं लोकांची छतं रंगवली. भिंत काय, कुणीही रंगवतो. छताला मान मागे टाकून, हात डोक्यावर धरून सलग रंगवावं लागतं, कारण रंगाची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिला भिडवायचा असतो. मध्ये थांबलात की जोड दिसलाच, आणि एकदा दिसला की घरातला प्रत्येक माणूस पुढची दहा वर्षं पडल्या पडल्या तोच बघणार.

त्याच्याबरोबर काम करायचा तो त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सासरी यांना थोरले जावई आणि धाकटे जावई म्हणत, तेच धंद्यातही चिकटलं. बावीस वर्षं थोरल्याने छतं केली आणि धाकट्याने दारं, खिडक्या, कोपरे. वाटणी कुणी केली, तर थोरल्याने. धाकट्याला विचारून केली का, तर त्यात विचारायचं काय, असंच थोरल्याला वाटत आलं होतं.

डॉक्टरांनी वजनावर बोट ठेवलं, "जरा हातपाय हलवा" म्हणाले, तेव्हा धाकटा लगेच म्हणाला, "भाऊ, रविवारी माझ्याबरोबर चला." तो दोन वर्षं बागेत डिस्क गोल्फ खेळत होता. खेळ तसा साधा. झाडांमधून लांब लांब अंतरावर खांब उभे केलेले, प्रत्येक खांबाला साखळ्या सोडलेली लोखंडी टोपली. बशीएवढी प्लास्टिकची चकती फेकत फेकत त्या टोपलीत घालायची. कमीत कमी वेळा फेकून घालेल तो जिंकला. टक्कल पडलेल्या बाप्यांनी चकत्या फेकत फिरायचं, या कल्पनेनेच थोरल्याला हसू आलं होतं. पण पहिल्याच सकाळी त्याच्या हातून सुटलेली एक चकती दोन झाडांमधून अशी काही तरंगत गेली की तो बघतच राहिला. त्या दिवसापासून गडी रविवारची वाट बघायला लागला.

फेकायला शिकवलं धाकट्यानेच. "तुम्हाला काय शिकवायचं? छताला रोलर मारता तसा हात लांब करून खांद्यातून झोक द्या. तुमच्यासारखा खांदा आहे कुणाचा?" थोरला सुखावला. धाकट्याने त्याला स्वतःच्या पिशवीतल्या पातळ काठाच्या चकत्या दिल्या, त्या सगळ्यात लांब जातात म्हणून. स्वतः मात्र तो खेळाआधी दहा मिनिटं बाजूला जाऊन हात फिरवत, कंबर वळवत राहायचा. थोरल्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "माझी सवय आहे. तुम्हाला काही गरज नाही." आणि दर रविवारी धाकटा जिंकायचा. जिंकून घरी जाताना गाडीत गुणगुणायचा. थोरल्याला त्यातही गोड वाटायचं. बिचारा कशात तरी पुढे आहे.

तिसऱ्या आठवड्यात खांदा कुरकुरायला लागला. पाचव्या आठवड्यात शर्टाची बाही चढवायला बायको लागायची. "बंद करा ते चकत्या उडवणं," ती म्हणायची. थोरला धाकट्याला विचारायचा, कारण त्याला दोन वर्षांचा अनुभव होता. धाकटा म्हणायचा, "नव्या माणसाचं दुखतंच, भाऊ. थांबलात तर आखडेल. उलट जरा जोर लावा." थोरल्याने जोर लावला. छतवाला माणूस दुखणं अंगावर काढण्यात तरबेज असतो.

त्याच सुमारास वाचनालयाचं काम आलं होतं. वाचायचं मोठं दालन, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, दिवसभर छतावरून तिरपा उजेड सरकत असतो. असल्या छतावर माशी बसली तरी खालून दिसते. एकोणीस वर्षांपूर्वी ते थोरल्याने केलं होतं, आणि ग्रंथपाल बाई स्वतः येऊन म्हणाल्या, "छत तुम्हीच करायचं, दुसरं कुणी नको." थोरला वरवर हसला. ते छत झालं नाही, तर पुढे कुणी आपल्याला छताला बोलावणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मग उरली ती दारं आणि खिडक्या.

कामाच्या दोन दिवस आधी तो लांब दांड्याचे रोलर आणायला धाकट्याच्या घरी गेला. धाकटा घरी नव्हता. मेहुणीने पाणी दिलं, तर थोरल्याने ग्लास डाव्या हाताने घेतला.

"भावजी, हात असा का धरलाय?"

"त्या चकत्यांनी जरा दुखतोय."

"अगं बाई, यांचंही अगदी असंच झालं होतं सुरुवातीला. मग त्या व्यायामवाल्या बाईंनी कागद लिहून दिला होता. थांबा, फ्रिजच्या दारावरच आहे."

थोरल्याने कागद चष्म्यासमोर धरला. चकती छातीजवळून न्यावी, जोर कमरेतून आणि पायांतून यावा, खांद्याने ओढू नये, असं त्यात होतं. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करावं. वर्षभर जाड काठाची, हलकी, हळू जाणारी चकतीच वापरावी. एका दिवशी तीस-चाळीस वेळांपेक्षा जास्त फेकू नये, आणि दुखलं की त्या दिवसापुरतं घरी जावं. "पातळ काठाची चकती नवशिक्याने हातात धरू नये" या ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली होती. धाकटा कामाच्या यादीत मारायचा तीच रेघ, शेवटी जरा वर वळलेली.

"यांनी दाखवला नाही तुम्हाला?" मेहुणीने विचारलं.

"विसरला असेल," थोरला म्हणाला आणि रोलर न घेताच निघाला.

रस्त्याने त्याला काही सुचेना. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. हा तर रोज एका डब्यात जेवणारा माणूस. आपण खांदा चोळत होतो आणि हा शेजारी उभा राहून मिठाची गुळणी धरून होता. केसाने गळा कापला म्हणतात तो असा, या विचाराने थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं याचा त्याला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. थोरला बागेत गेला, पण पिशवी घरी ठेवून.

"तो फ्रिजवरचा कागद मी वाचला," तो म्हणाला.

धाकटा चकती पुसत होता. त्याने कुठला कागद असं विचारलं नाही.

"तुला सगळं माहीत होतं."

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

धाकट्याने चकती पिशवीत ठेवली. "पहिल्या रविवारी मजा वाटली, भाऊ. तुम्ही हरत होतात. बावीस वर्षांत तुम्हाला हरताना बघितलं नव्हतं मी. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. मग तुम्ही खांदा चोळायला लागलात आणि सांगायची लाज वाटायला लागली."

"आणि 'जोर लावा' म्हणालास, ते?"

"तोवर वाचनालयाचं काम आलं होतं," धाकटा म्हणाला. "तेव्हा लाज नव्हती. तेव्हा वाटलं, दुखू दे. एखादं छत मलाही मिळू दे."

थोरल्याची तयारी होती ती नाकबुलीची, सारवासारवीची. हे तर सरळ उत्तर होतं. "मागितलं असतंस तर दिलं असतं," तो म्हणाला.

"मागितलं होतं. तीनदा. तुम्हाला आठवत पण नाही."

थोरल्याला खरंच आठवत नव्हतं. तो तसाच वळला आणि पायी घरी गेला.

सोमवारी सकाळी दोघंही वाचनालयात हजर होते, कारण शब्द दिलेला होता. थोरला परांचीवर चढला. पहिला पट्टा दात आवळून झाला. दुसरा झाला. तिसऱ्याच्या मध्यावर हात कानाच्या वर जाईना. त्याने डाव्या हाताने उजव्याला उचलून धरलं, तरी रोलर खाली आला आणि रंगाचे शिंतोडे चष्म्यावर उडाले. कड ओली होती, पण फार वेळ राहणार नव्हती.

"ये वर," तो म्हणाला. आयुष्यात त्याला एवढं जड कधी काही बोलावं लागलं नव्हतं.

धाकटा चढला, थोरला उतरला. धाकट्याचा हात चांगला होता. आपण याला कधी बघितलंच नाही, असं थोरल्याच्या मनात आलं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही. वरच्या माणसाचं नाक छताला लागलेलं असतं, त्यामुळे काय सुटलं हे त्याला कळत नाही. ते खाली उभ्या असलेल्याने सांगायचं असतं. इतकी वर्षं ते धाकट्याने केलं होतं. आता खाली थोरला होता, आणि त्याला दिसलं, की खिडकीकडच्या बाजूला वीतभर जागा सुटली आहे.

पाच मिनिटं गप्प बसायचं, बस. रंग वाळला असता. मग त्यावर कितीही हात मारले तरी तिरप्या उजेडात डाग उठून दिसला असता, आणि ग्रंथपाल बाई म्हणाल्या असत्या, तुम्ही केलं असतंत तर असं झालं नसतं. थोरला गप्प उभा राहिला. धाकटा एक हात पुढे सरकला.

"भाऊ, खालून ठीक आहे ना?" त्याने न वळता विचारलं.

"खिडकीकडे," थोरला म्हणाला. "वीतभर राहिलंय. लवकर कर."

धाकट्याने मागे येऊन रोलर फिरवला. जागा भरली, कडेला कड मिळाली. "सांगितलंत ते बरं झालं," तो म्हणाला.

"मला दिसलं म्हणून सांगितलं," थोरला म्हणाला. "तुला इतके आठवडे दिसत होतं."

रोलर तेवढा चालू राहिला. थोरला डाव्या हाताने उजवा खांदा धरून खाली उभा राहिला आणि प्रत्येक पट्टा बघत राहिला, कारण अजून अर्धं छत बाकी होतं.