चार सेंटिमीटरची बॅग

निकानोराच्या हातची बॅग चार सेंटिमीटर लांब असे. पत्रा कापायचा, वाकवायचा, कडांना डाख लावायचा, आत फुलाफुलांच्या कापडाचं अस्तर आणि वर खरोखर उघडणारं-मिटणारं कुलूप. बोलिव्हियातल्या ला पासमध्ये अलासितासची जत्रा भरते तेव्हा, चोवीस जानेवारीच्या भरदुपारी बारा वाजता, जी वस्तू लहान रूपात हातात असेल ती वर्षभरात मोठी होऊन दारात येते. घर हवं असेल त्यानं प्लास्टरचं घर घ्यावं, पदवी हवी असेल त्यानं बोटाएवढं प्रमाणपत्र घ्यावं, आणि परदेशी जायचं असेल त्यानं निकानोराच्या ठेल्यावर यावं. गेली एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. तिच्या बॅगांवर अर्धी गल्ली स्पेनला पोचली, असं लोक म्हणत.

ती स्वतः मात्र देशाची हद्द ओलांडून कधी गेली नव्हती. आपल्या हातानं केलेली वस्तू आपल्यालाच फळत नाही, ती दुसऱ्यानं द्यावी लागते. आणि बॅगा विकणारीला बॅग द्यायचं कुणाला सुचणार?

या वर्षी मात्र जायचंच होतं. मुलगी रोक्साना पनामात होती. पहिलं बाळंतपण, तारीख दहा फेब्रुवारी, आणि जावई जहाजावर, मार्चपर्यंत परत येणार नव्हता. "आई, तू उशाशी असलीस की मी काहीही सोसेन," असं रोक्साना फोनवर म्हणाली होती. तीन फेब्रुवारीच्या सकाळी सहा-चाळीसचं विमान ठरलं होतं.

बाकीचं सगळं भाचीनं अंगावर घेतलं होतं. नायरा रसायनशास्त्र शिकून पाण्याच्या प्रयोगशाळेत लागली होती आणि ती कुठलीही गोष्ट यादीशिवाय करत नसे. मावशीच्या प्रवासाची यादी एक्केचाळीस कलमांची झाली होती. जत्रेच्या सकाळी ठेल्यामागच्या खोक्यावर बसून ती ती यादी शेवटची वाचत होती, आणि निकानोरा गिऱ्हाइकांच्या मधून कान देत होती.

"कलम नऊ. पासपोर्टच्या तीन प्रती. एक मोठ्या बॅगेत, एक पर्समध्ये, एक इथं माझ्याकडे."

"आणि एक परकरात," निकानोरा म्हणाली. "पर्स चोरतात. परकर कोण चोरणार?"

"बरं, चार. कलम चौदा. रोक्सानाचा पत्ता कागदावर लिहून घ्यायचा. नुसता फोनमध्ये नको, फोन मरतो. कलम अठरा. हातातल्या पिशवीत एक जोड कपडे ठेवायचे, मोठी बॅग मागे राहिली तर अडायला नको. कलम एकोणीस, वजन. आधी तू एकटी काट्यावर उभी राहायचं, मग बॅग घेऊन उभी राहायचं, आणि मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा."

"माझं वजन तुला कळू नये म्हणून मी वजाबाकी स्वतः करीन."

"मावशी, तेवीस किलोच्या वर नको."

"अंगावर घातलेलं वजनात धरतात?"

"नाही."

"मग पाच घागरे अंगावर घालून जाते. टोपी डोक्यावर."

"तिथं बत्तीस अंश असतं! उतरेपर्यंत उकडून निघशील. आणि हो, बटाटे. इथं पाणी अठ्ठ्याऐंशीला उकळतं, तिथं शंभराला. इथल्या सवयीनं शिजत ठेवलेस तर बाळंतिणीला लगदा खावा लागेल. अर्ध्या वेळात बघायचं."

"ऐकलंत?" निकानोरा समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली. ती जांभळ्या शालीतली एक मुलगी होती, हातात लाल कुलपाची बॅग घेऊन भाव करत होती. "सदतीस वर्षं स्वयंपाक करतेय मी, आणि आता ही मला बटाटे शिकवणार. पंधरा बोलिव्हियानो, त्याच्या खाली नाही. कुठं जायचंय?"

"माद्रिदला, ताई."

"मग लालच घे. लालवाल्या लवकर पोचतात."

मुलगी हसून पैसे देऊन गेली. पाठोपाठ नायरा उठली आणि आपल्याच मावशीसमोर गिऱ्हाइकासारखी उभी राहिली.

"एक बॅग द्या. निळ्या कुलपाची."

"तुला कशाला? तू कुठं निघालीस?"

"तुझ्यासाठी घेतेय. मला यातलं काही पटत नाही, तुला माहीतच आहे. पण दुसऱ्यानं द्यायची असते ना? मग घे."

निकानोरानं टोपी नीट केली, ती आधीच नीट होती. मग म्हणाली, "वीस."

"त्या पोरीला पंधरा!"

"घरच्यांना वीस. भाव केलास तर गुण जाईल."

बाजूच्या ठेल्यावर बासिलियो खो-खो हसला. बासिलियोचं छोटं छपाईचं यंत्र होतं. तो पासपोर्ट, तिकिटं, शिक्के असे सगळे कागद बोटाच्या पेराएवढे छापायचा, पण अक्षर न् अक्षर खरं. त्यासाठी तो दरवर्षी डिसेंबरात कचेऱ्यांमधून हिंडायचा, नवे नमुने बघून यायचा. लहान वस्तूत काही राहिलं तर मोठीतही राहतं, हा त्याचा धर्म. आता त्यानं गल्ल्याखालून एक पाकीट काढून निकानोराच्या पुढ्यात ठेवलं.

"हे माझ्याकडून, निकानोरा. पूर्ण संच आहे. तुझं नाव घालून छापलाय. एकतीस वर्षं शेजारी बसलोय, एवढं तर लागतंच."

पाकिटातून पासपोर्ट निघाला, परतीचं तिकीट निघालं, नोटांची गड्डी निघाली. शेवटी एक पिवळं कार्ड निघालं.

"हे काय, अहो?"

"पिवळ्या तापाच्या लशीचं. गेल्या वर्षी एक बाई रडत आली होती. म्हणाली, तुमच्या संचावर निघाले आणि कार्ड नाही म्हणून विमानतळावरूनच परत आले. तेव्हापासून घालतो. पनामाला मागतात."

नायरानं यादी उघडली. कलम सत्तावीस. तिच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'पिवळा ताप – लागू नाही. हा डास २३०० मीटरच्या वर टिकत नाही, आपण ३६०० वर.' आणि त्यावर तिनंच पट्टीनं सरळ रेघ मारली होती.

"पण आपल्याकडे डासच नाहीत," ती म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "आपल्याला कशाला मागतील?"

"पोरी," बासिलियो म्हणाला, "पासपोर्टवर देशाचं नाव असतं. तुझं गाव किती उंचावर आहे ते तिथं कोण लिहितं? खाली आपलंही जंगल आहे, आणि जंगलात डास आहेत. त्यांच्या लेखी तू आणि जंगल एकच."

नायराला पटलं. पटल्याबरोबर दुसरी गोष्ट आठवली. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. तिनं बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. आज चोवीस. दहा दिवस म्हणजे तीन फेब्रुवारी.

"मावशी, आजच. उद्या घेतली तर एक दिवस कमी पडतो."

निकानोरानं निळ्या कुलपाची बॅग मुठीत धरली होती. सव्वाअकरा झाले होते. तिकीट पुढं ढकलावं तर पुढची जागा थेट सोळा तारखेला होती, हे दोघींना माहीत होतं. सोळाला नातवंड सहा दिवसांचं झालं असतं, आणि त्याच्या आईनं सगळं एकटीनं काढलं असतं.

नायरानं टेकडीवरच्या आरोग्य केंद्राला फोन लावला. रखवालदारानं सिस्टर हासिंतांचा नंबर दिला. सिस्टरनी फोन उचलला तेव्हा नायराला एका कानात ढोल ऐकू आला आणि दुसऱ्या कानातही तोच ढोल, क्षणभर मागून.

"तुम्ही जत्रेत आहात, सिस्टर?"

"मग कुठं असणार? आशीर्वाद देणाऱ्या यातिरीच्या रांगेत उभी आहे, प्लास्टरचं दुमजली घर घेऊन. धूप लागल्याशिवाय हलणार नाही, आत्ताच सांगते."

नायरानं सगळं सांगितलं.

"लस आहे," सिस्टर म्हणाल्या. "साडेबाराला मी केंद्रात पोचते, दीडला कुलूप. पण ऐक, एका बाटलीत दहा डोस असतात. एकदा फोडली की सहा तासांत संपवावी लागते. एकीसाठी मी नऊ डोस ओतून टाकणार नाही. दहा माणसं आण, बाटली फोडते."

फोन ठेवून नायरा खोक्यावर बसली. "दहा माणसं. सणाच्या दिवशी सुई टोचून घ्यायला कोण येईल?"

तिचं तोंड उतरलेलं बघून निकानोराला मात्र एकदम हुशारी आली. "अगं, सकाळपासून मी किती बॅगा विकल्या?"

"मी मोजल्या नाहीत."

"मी मोजल्यात. एक्केचाळीस, तुझ्या कलमांइतक्या. त्या घेणाऱ्या सगळ्यांना कुठंतरी जायचंय. आणि बारापर्यंत कुणी जत्रेतून हलत नाही."

तिनं ठेला बासिलियोच्या बायकोच्या हवाली केला आणि दोघी गर्दीत शिरल्या. निकानोराला माणसांची नावं आठवत नसत, कुलपं आठवत. लाल कुलपाची जांभळी शाल प्लास्टरच्या कोंबड्यांच्या रांगेत सापडली. हिरव्या कुलपांचं नवरा-बायकोचं जोडपं उसाचा रस पीत होतं. नवरा म्हणाला, "पण आम्हाला नुसतं ब्राझीलला जायचंय." "तिथंही कामाला येईल. आणि एकदा टोचली की जन्माची," नायरा म्हणाली. "घ्या ना, फुकट आहे," बायको म्हणाली, आणि नवऱ्याला ओढूनच आणलं. बिनकुलपाची, घासाघीस करून दहाला नेलेली बॅग एका दातांच्या डॉक्टरकडे होती. "मी रोज लोकांना सुया टोचतो," तो खिन्नपणे म्हणाला, "आता माझी पाळी," आणि मागे लागला. एकाच शाळेतल्या तीन शिक्षिका तीन पिवळी कुलपं घेऊन आल्या. त्यांना समुद्र बघायचा होता, कुठलाही चालणार होता.

बाराला पाच कमी असताना सगळे यातिरीपुढं दाटीनं उभे राहिले. चर्चची घंटा सुरू झाली. धुराचा लोट उठला, फुलांच्या पाकळ्या टोप्यांवर पडल्या, दारूचे थेंब उडाले. सगळ्या शहरानं आपापली लहानशी इच्छा वर धरली. निकानोरानं निळी बॅग आणि पिवळं कार्ड दोन्ही हातांत धरून धुरात घातलं. एकतीस वर्षं ही वेळ तिनं ठेल्यामागूनच बघितली होती. धूर डोळ्यांत गेला, म्हणून तिनं डोळे पुसले, असं तिनं नायराला सांगितलं.

मग टेकडीची चढण. पुढं दुमजली घर काखेत मारलेल्या सिस्टर हासिंता, मागं पत्र्याच्या बॅगा मिरवणारी मिरवणूक. रस्त्यातले लोक विचारत, "कुठं निघालात सगळे?" आणि शिक्षिका ओरडत, "समुद्राकडे!"

दारात नायरानं मोजलं. शाल, जोडपं, डॉक्टर, तीन शिक्षिका, मावशी, आणि ती स्वतः, कारण कलम सत्तावीसवर रेघ मारणारीनंही लस घेतली नव्हती.

"नऊ," ती म्हणाली.

"नऊवर नाही फोडणार," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा हातातल्या घराच्या बाल्कनीतून दिसत होता आणि त्यात दया नव्हती.

त्या वेळी बासिलियो धापा टाकत चढण चढून आला. निकानोरा पाकीट ठेल्यावरच विसरली होती, तेवढं द्यायला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"काय झालं?" तो म्हणाला.

"बासिलियो, तुम्ही लस घेतलीय?" निकानोरानं विचारलं.

"मी? मी कार्डं छापतो."

"म्हणजे नाही."

"मी कुठं जाणार आहे? मला सुईची..." तो दरवाजाकडे सरकला. दातांच्या डॉक्टरनं दार अडवलं.

"लहान वस्तूत राहिलं तर मोठीत राहतं, असं सकाळ-संध्याकाळ कोण ऐकवतं?" निकानोरा म्हणाली. "हजारो कार्डं छापलीत. एक तरी खरं करा."

"वय?" सिस्टरनी विचारलं.

"एकोणसाठ."

"पूर्ण साठ असते तर आधी डॉक्टरांची तपासणी लागली असती. बसा. आणि ताई, तुमचं?"

"सत्तावन्न," निकानोरा म्हणाली, आणि नायराकडे बघून, "वजन मात्र विचारायचं नाही."

सिस्टरनी बाटली फोडली. बासिलियोनं डोळे मिटून घेतले आणि टोचून झाल्यावर विचारलं, "कधी टोचणार?" शिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनी दहा कार्डं भरली, दहांवर शिक्का मारला. निकानोराच्या कार्डावर त्यांनी लिहिलं: लागू, तीन फेब्रुवारीपासून. मग निकानोरानं पर्समधून बासिलियोचं छोटं कार्ड काढून पुढं केलं. सिस्टरनी एकदा तिच्याकडे बघितलं, चष्मा नाकावर सरकवला, छोट्या कार्डावर बारीक अक्षरात तीच तारीख घातली आणि त्याच्या कोपऱ्यावरही शिक्क्याची कड अलगद टेकवली.

तीन फेब्रुवारीला पहाटे एल आल्तोच्या विमानतळावर निकानोरा फक्त दोनच घागरे घालून उभी होती. बॅग बावीस किलो चारशे ग्रॅम भरली. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट बघितला, परतीचं तिकीट बघितलं आणि हात पुढं केला. "पिवळं कार्ड?"

निकानोरानं ते दिलं. मुलीनं तारीख वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, पुन्हा तारीख वाचली. बाजूला नायरा बोटांवर पुन्हा दिवस मोजत होती.

"हे आजपासूनच लागू होतंय, आई."

"हो. म्हणून तर आजच निघाले."

मुलगी हसली. कार्ड परत देताना त्याच्या घडीतून नखाएवढं दुसरं कार्ड काउंटरवर पडलं. तिनं ते उचलून डोळ्यांजवळ नेलं. नाव तेच, तारीख तीच, कोपऱ्यात जांभळी कड.

"यावर पण शिक्का आहे!"

"असणारच," निकानोरा म्हणाली आणि टोपी नीट करून बोर्डिंग पास घेतला. "ते मूळ आहे. मोठं, त्याची नक्कल."