साधना सिस्टरची कढई

“मंग, बदलीचा अर्ज लिहिला का सिस्टर?” नातवाची मांडी घट्ट धरून बसलेल्या नर्मदाबाईंनी विचारलं.

साधनाने सुई काढली, कापूस दाबला. “लिहिला. उद्याचा नाताळ झाला की परवा हिंगोलीला देऊन येते.”

नातवाने भोकाड पसरलं आणि विषय तिथेच राहिला.

सिद्धेश्वर धरणाखालच्या या गावात आरोग्य उपकेंद्राची नर्स म्हणून तिला अकरा वर्षं झाली होती. ख्रिस्ती घर तिचं एकटीचंच. पण त्याचं अवघडलेपण कधी वाटलं नाही, कारण हरीश होता. तिचा नवरा कसला, गावाचा जावईच तो. कुणाच्याही ओट्यावर बसून हक्काने चहा मागणारा. त्याची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस, सात महिने एसटीच्या चकरा, आणि ऐन श्रावणात सगळं संपलं. साधना इतकी थकली होती की धड रडलीही नव्हती.

त्यात दिवाळी आली. दरवर्षी पंधरा-वीस घरांतून फराळाची ताटं यायची, यंदा एकही आलं नाही. चार दिवस ती दाराकडे बघत बसली आणि समजून चुकली की माया होती ती हरीशवर. आपण नुसत्या सुई टोचणाऱ्या बाई. इथे आता राहायचं नाही, हे तेव्हाच ठरलं. नाताळ तर तिने यंदा मनात धरलाच नव्हता.

चारला केंद्राला कुलूप लावून ती पाय ओढत घरी आली, तर ओट्यावर नर्मदाबाई, चतुराबाई आणि पार्वतीबाई. सोबत तेलाचा डबा, मैदा, किसलेलं खोबरं.

“कढई काढा,” नर्मदाबाई म्हणाल्या. “दुःखाच्या घरी त्यांच्या पैल्या सणाला घरच्या बाईनं तळण काढू न्हाई. भावकीनं येऊन कढई चढवायची. तुमची भावकी हितं कोन हाय? म्हून आमी आलो.”

“दिवाळीला कुठं होती ही भावकी?” साधनाचा आवाज चढला. “एक ताट न्हाई आलं माझ्या दारात!”

पार्वतीबाईंनी हातातला मैदा खाली ठेवला.

“काहून चिडता?” चतुराबाई कशाबशा बोलल्या. “ताट आलं असतं तर तुमी रिकामं परत दिलं असतं का? दुःखात पंधरा ताटं भरायला बसवायचं तुमाला? सगळ्यांनी ठरवून न्हाई पाठवलं.”

“मला सांगायचं तरी!”

“ह्ये काय सांगायचं असतंय व्हय?” नर्मदाबाईंना खरंच नवल वाटलं. “ठावच असतंय की.”

साधनाला ठाऊक नव्हतं. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन तिला पाठ होतं, आणि एवढी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. दोन महिने उगाच जीव जाळला. तिला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, आणि तरीही इतकं बरं वाटलं की तिने मुकाट्याने माळ्यावरची कढई उतरवली.

तिला गॅसजवळ फिरकू दिलं नाही. खाटेवर बसवून ठेवलं.

“परवा जानार मंग हिंगोलीला?” करंजीला मुरड घालत पार्वतीबाईंनी विचारलं.

“नर्मदाबाईच्या नातवाचा पुढचा डोस महिन्यानं हाय,” साधना म्हणाली. “तो कोण देणार?”

पहिला घाणा तेलात पडला.

“हरीशभाऊ असते तर कढईतूनच उचलली असती,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“आणि वर म्हणाले असते, गोड कमी पडलं. भाजलेल्या जिभेला चव कळायची का?”

बोलता बोलता साधना स्वतःच हसली. श्रावणानंतर पहिल्यांदाच. हसता हसताच आवाज फाटला, आणि तेव्हाचं राहिलेलं रडू असं आलं की तोंडात धरलेला पदर पुरेना. पार्वतीबाई उठू लागल्या. नर्मदाबाईंनी डोळ्यानेच त्यांना बसवलं. करंज्या करपू नयेत म्हणून गॅस बारीक केला आणि तिचं रडणं पुरतं होईपर्यंत त्या झाऱ्याने एकेक करंजी उलटवत राहिल्या.