खारं पाणी

दिघोरीतला रोवणा आटोपला, धानाची लावणी संपली, तशी सत्यभामा भिंतीला पाठ टेकून बसली. पायांच्या बोटांतल्या चिखल्या ठणकत होत्या. यंदा आईला समुद्र दाखवायचाच, असा चंग तिच्या नोकरीवाल्या लेकीनं, तृप्तीनं बांधला होता. ती मोबाईलवर कोकणातली घरं दाखवू लागली.

"हे पाह्य आई, एकदम शांत गाव. घरासमोर समुद्र, मांगं धानाच्या बांध्या. पाहुण्यायले हौसेनं रोवणा बी करू देतेत!"

चाळीस वर्षं चिखलात वाकलेल्या सत्यभामानं डोळेच मिटले. मग तिनं विचारलं, "समुद्राच्या पाण्यावर धान होते का वं?"

"नाही. खारं रायते ना ते."

"मंग माही खाट त्याच्याच बाजूनं टाकजो. मांगची खिडकी उघडू नोको."