कुजबुजणारा वर्ग

अवधूतच्या वर्गातून आवाज का येत नाही, हा प्रश्न पद्मजाबाईंना दिवाळीनंतर पडला आणि मग तो त्यांचा पिच्छा सोडेना.

दारव्हा तालुक्यातल्या त्या चार वर्गांच्या शाळेत दोनच शिक्षक: मुख्याध्यापिका पद्मजाबाई आणि जूनमध्ये दिग्रसहून आलेला अवधूत. सन दोन हजार सहाचा हंगाम. कापसाला भाव नव्हता, गावात हसरा चेहरा शोधावा लागे, आणि हा गडी रोज सकाळी शीळ घालत येई. एवढ्या उत्साहानं शाळेत येणारा शिक्षक बाईंनी आजवर एकच पाहिला होता. तो पुढे शाळेचे पत्रे विकताना सापडला.

कापसाची वेचणी लागली की वर्ग ओस पडतात. बाईंचे दोन्ही पडले होते. अवधूतची तिसरी-चौथी मात्र भरलेली. शिवाय त्यानं आपण होऊन वर्ग गावाच्या टोकाच्या समाजमंदिरात हलवला होता. त्या वाटेनं जाता-येता बाईंना आतून साधा पाढाही ऐकू येत नसे. "इथं गोंगाट होते, मॅडम," म्हणाला. गोंगाट कोणाचा? शाळा तर निम्मी रिकामी होती.

तिकडे जाणारी खिचडीची बादलीही जड होत चालली होती. तांदळाला जबाबदार बाई. तो कमी भरला तर निलंबन त्यांचं, अवधूतचं नव्हे.

"विमलताई, एवढी खिचडी खातं कोण?" त्यांनी स्वयंपाकीण बाईला विचारलं.

"पोट्टेच खातेत, बाई. भूक लागते त्यायले."

"माझ्या पोरांना नाही लागत एवढी."

"तुमच्या वर्गात भेवानंच पोट भरते त्यायचं," विमलताई म्हणाल्या आणि नजर चुकवून बादली घेऊन चालू लागल्या.

त्या दुपारी बाई थोड्या अंतरानं मागे गेल्या. कमरेच्या ओट्या कापसानं फुगलेल्या बाया शेतातून येऊन एकेक करत समाजमंदिरात शिरत होत्या आणि दार लगेच लागत होतं. बाईंना सगळं जुळलं. गुरुजी खिचडीच्या बदल्यात चोरीचा कापूस घेतो. गावातच कापूस विकत घेणारे खेडा खरेदीचे व्यापारी तर येऊन बसलेलेच होते. संध्याकाळी त्यांनी केंद्रप्रमुख नागोरावांना फोन केला. "उद्या दुपारी या, सर. रंगेहाथ सापडेल."

दुसऱ्या दिवशी नागोरावांची वाट न पाहता बाई पुढे झाल्या आणि त्यांनी दार ढकललं.

छताच्या बल्लीला लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या होत्या. प्रत्येक झोळीत एक लेकरू. चालती पोरं थाळीतली खिचडी चिवडत होती. भिंतीकडे तोंड करून दोन बाया अंगावर पाजत बसल्या होत्या. त्यांच्या ओट्या बाजूला सोडून ठेवल्या होत्या. आणि मधोमध तिसरी-चौथीची मुलं पायानं झोळ्यांच्या दोऱ्या हलवत सतराचा पाढा म्हणत होती, कुजबुजत.

"हळू, मॅडम," अवधूत म्हणाला. "बंटी आत्ताच झोपला."

कोपऱ्यातली प्रेरणा मात्र बाईंना पाहताच उठली आणि मुकाट्यानं दप्तर आवरू लागली. बंटी तिचा भाऊ. दसऱ्याच्या आधी ती त्याला कडेवर घेऊन शाळेत आली होती, तेव्हा 'ही शाळा आहे, पाळणाघर नाही' म्हणून बाईंनीच तिला दारातून परत पाठवलं होतं.

"मला का सांगितलं नाहीत?"

"सांगतलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. अन् मग मले ऐकावं लागलं असतं." तो नेहमीसारखाच हसला. "लहान्यायची सोय झाली म्हणून बाया मोठ्यायले पाठवतेत, मॅडम. नाहीतर मी कोणाले शिकवू, बाकड्यायले?"

बाईंना त्या हसण्यामागे अजूनही काहीतरी लपलेलं दिसत होतं. त्यांनी झोळ्यांवरून पुन्हा नजर फिरवली. लपलेलं जे होतं ते सगळं समोरच निजलेलं होतं.

बाहेर मोटारसायकल थांबली. नागोराव आत आले.

"कुठाय कापूस?" ते मोठ्यानं म्हणाले. एक लेकरू दचकून रडू लागलं.

"हळू बोला, सर. वर्ग सुरू आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "कापूस नाही. माझी चूक झाली."

"अन् तांदूळ? पटावर नसलेल्या पोरांना खिचडी कोणाच्या परवानगीनं?"

अवधूतनं तोंड उघडलं. बाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

"माझ्या."

"काल फोनवर तर वेगळंच बोललात."

प्रेरणाच्या हातातलं दप्तर घेऊन बाईंनी ते परत खाली ठेवलं आणि रडणाऱ्या लेकराची दोरी धरली. नागोराव डोळे बारीक करून आळीपाळीनं दोघांकडे पाहत राहिले. ही नजर बाईंच्या ओळखीची होती. दिवाळीपासून ती त्यांची स्वतःचीच होती.

"दोघं मिळून करता म्हणा की," नागोराव म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या, आणि झोका देत राहिल्या.